वाट अडवणाऱ्या धुरेकरी भाऊसाहेबांस

श्रीमान धुरेकरी भाऊसाहेब यांच्या सेवेसी,



पांदणीच्या तोंडाशी आपण जे लोखंडी फाटक उभं केलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. रंग झकास आहे, कुलूप मजबूत आहे. तोडणीच्या दिवसांत बाया संत्र्यांनी भरलेली कॅरेटं डोक्यावर घेऊन त्या फाटकाला वळसा घालतात, तेव्हा त्यांनाही आपल्या आवडीनिवडीचं कौतुक करायला भरपूर वेळ मिळतो.

आपलं नाव मी लिहीत नाही. त्याची गरजही नाही. आपण पांढुर्ण्यात आहात, सौंसरात आहात, लोधीखेड्याला आहात, मोहगावला आहात, नांदनवाडीलाही आहात. हे पत्र जो वाचेल तो आपल्या शिवारातलं नाव स्वतःच त्यात भरून घेईल, आणि बहुतेकांना फार आठवावं लागणार नाही.

आपल्या दूरदृष्टीला तर तोड नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. आम्हा बाकीच्यांना आनंद एवढाच की कलेक्टर कचेरीच्या कामासाठी आता छिंदवाड्याला दिवस मोडायला नको. आपल्याला त्याच बातमीत सडकेकाठची जमीन दिसली. सडकेला लागून असलेलं वावर घेतलंत, सीमांकन करून घेतलंत, सिमेंटचे खांब रोवलेत, काटेरी तार ओढलीत. तारेच्या आत आपली जमीन आली आणि तिच्यासोबत आमच्या आजोबांपासूनची बंडीवाटही आली. वाटेचे पैसे आपण कुणालाच दिले नव्हते. ती आपण तशीच ठेवून घेतलीत.

आपली रजिस्ट्री मी पाहिली. रागावू नका; नोंदणी कार्यालयातलं पहिलं पुस्तक फी भरून कुणालाही पाहता येतं. कागद देखणा आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावराची विक्री नोंदवावीच लागते, आणि आपण ती रीतसर नोंदवलीत. चतुःसीमाही स्वच्छ लिहिल्या आहेत: पूर्वेला सडक, पश्चिमेला माझं वावर, उत्तरेला नाला, दक्षिणेला दुसरे धुरेकरी. सडकेपासून माझ्या वावरापर्यंत जाणारी, चाकांनी दोन्ही बाजूंना खोल झालेली वाट मात्र त्या चार ओळींत कुठेच नाही. विकणाऱ्याने सांगितली नाही, दस्त लिहिणाऱ्याने विचारली नाही, आणि सौदा करायला आपण उभे होतात ते त्या चाकोऱ्यांवरच.

आपल्याला वाटलं, दस्तात नाही म्हणजे जमिनीवरही नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आपल्याएवढा भोळा नाही. जो माणूस मुद्दाम चौकशी टाळतो, त्यालाही गोष्ट माहीत होती असंच त्याचं कलम ३ धरून चालतं. विकणाऱ्याने मालमत्तेतला न दिसणारा दोष लपवू नये, असं कलम ५५ सांगतं. इथे तर दोषही नव्हता आणि काही लपलेलंही नव्हतं. दिवसाढवळ्या बंड्या जात होत्या. त्या चाकोऱ्या आपल्याला दिसल्या नाहीत असं आपण एखाद्या न्यायाधीशासमोर म्हणावं, ते ऐकायला मी आवर्जून येईन.

नामांतरणाचा कागद आपण मोबाईलवर ज्या अभिमानाने दाखवता, तोही योग्यच. २९ फेब्रुवारी २०२४ ला सायबर तहसील मध्य प्रदेशाच्या सगळ्या ५५ जिल्ह्यांत सुरू झाली. विनावाद विक्रीचं नामांतरण आता तहसीलीत खेटे न घालता होतं. सोय चांगली आहे. ज्यांनी पूर्वी त्या बाकांवर दिवस काढले त्यांना तिचं मोल कळतं. पण पडद्यावर खसरा क्रमांक दिसतो, नाव दिसतं, रकबा दिसतो. त्या वावरातून कुणाची बंडी जाते हे विचारायला तिथे कुणी येत नाही. आणि ज्या नोंदीच्या जोरावर आपण मला ‘आता इथे तुमचं काही नाही’ म्हणालात, तिच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात पुन्हा बजावलं आहे की नामांतरणाने मालकी हक्क मिळत नाही, ती नोंद महसुलासाठी असते. मग माझा हक्क तिच्याने कसा जाईल?

कायदा वाचायची सवय मला आपल्यामुळे लागली, हे उपकार मी विसरणार नाही. आपण ‘हे नवीन काहीतरी काढता’ म्हणालात म्हणून मी मुळापर्यंत गेलो. भारतीय सुखाधिकार कायदा १ जुलै १८८२ ला लागू झाला तो मद्रास, कुर्ग आणि मध्य प्रांतात. आपलं पांढुर्णा-सौंसर तेव्हा मध्य प्रांतातच होतं. मुंबई इलाख्याला तो मिळाला १८९१ च्या कायद्याने. म्हणजे पुण्या-मुंबईच्या आधी आपल्या भागातल्या माणसाला दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा लिखित कायदा मिळाला होता. आपण त्याला नवीन म्हणालात.

त्या कायद्याचं कलम १५ म्हणतं की वाट शांतपणे, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वीस वर्षं वापरली की तो हक्क पक्का होतो. सरकारी जमिनीवर तीस वर्षं लागतात. आमची वहिवाट त्याच्या कितीतरी पलीकडची. म्हणून तर आपल्याला तो दुसरा कागद आणावा लागला.

त्या दुसऱ्या कागदाबद्दल आपले विशेष आभार मानायचे आहेत, कारण आपल्या हुशारीचा खरा नमुना तोच. फाटक बसवल्यावर दोन दिवसांनी आपण स्वतः घरी आलात. चहा घेतलात. म्हणालात, “भाऊ, मी कुठे नाही म्हणतो? किल्ली देतो ना तुम्हाला. आपण काय परके आहोत का? फक्त एवढी सही करा, म्हणजे उद्या पोरांपोरांत कटकट नको.” कागदावर चारच ओळी होत्या. सदर इसम माझ्या परवानगीने माझ्या वावरातून ये-जा करतो, आणि मी सांगेन तेव्हा ती बंद करण्यास त्याची हरकत राहणार नाही.

केवढं औदार्य! आजोबा विचारायला कुणाच्या दारात गेले नव्हते, वडील गेले नव्हते, आणि आपण ती तसदी न विचारता संपवत होतात. त्या चार ओळींवर सही झाली की हक्काची वाट त्या दिवसापासून परवानगीची होते. हक्काने वापरलेल्या वाटेला कायदा वेगळा मानतो आणि परवान्याने वापरलेल्या वाटेला वेगळा. त्याच सुखाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये परवाना काय ते सांगितलं आहे, आणि कलम ६० प्रमाणे थोडे अपवाद सोडले तर देणाऱ्याला तो मनात येईल तेव्हा काढून घेता येतो. पुढे कोर्टात आपण तोच कागद दाखवला असता: बघा साहेब, हा माणूस स्वतःच म्हणतो की वाट माझ्या मर्जीची आहे.

या भागात असे कागद किती घरांत सही होऊन पडले असतील याचा विचार आला की मला झोप लागत नाही. सही करणारा माणूस अडाणी नसतो. तो सभ्य असतो. दारात आलेल्या धुरेकऱ्याशी वाद नको, चहा पिऊन गेलेल्या माणसावर संशय नको, म्हणून तो सही करतो. आपण त्याच्या अज्ञानाला हात लावत नाही, भाऊसाहेब. आपण त्याच्या चांगुलपणाला हात घालता. मला आपला राग आहे तो एवढ्याचसाठी.

सही झाली नाही, तेव्हा आपण आणखी गोड झालात. “पोळा होऊ द्या, मग बसू.” पोळा झाला. “दसऱ्यानंतर बोलू.” दसरा झाला. “दिवाळीत पाव्हणे आहेत, पुढच्या महिन्यात पंच बसवू.” आपला आवाज एकदाही चढला नाही. माणूस म्हणून किती संयमी! कलम १५ चं स्पष्टीकरण वाचल्यावर तो संयम मला नीट कळला. अडथळा कुणी घातला हे कळल्यावर जो माणूस तो वर्षभर निमूट सोसतो, त्याची वहिवाट खंडित धरली जाते. वीस वर्षांचा काळही दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. म्हणजे आपली प्रत्येक ‘पुढच्या महिन्यात’ माझ्या आजोबांच्या वाटेतून एक महिना कापून नेत होती.

पोळ्यावरून एक आठवण करून देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा-सावरगाव समोरासमोर उभे राहतात. गोटमारीत माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. तिचं कौतुक मी करणार नाही. पण तिथे दगड मारणारा समोर उभा असतो. आपला दगड चहाच्या कपाबरोबर येतो.

आता बागेचं सांगतो. हिशेब आपल्यालाही कळावा म्हणून सांगतो, कारण आपणही संत्रेवाले आहात. आंबिया बहार असो की मृग, फळ रंगावर आलं की थांबत नाही. व्यापारी सौद्याला आला की पहिला प्रश्न विचारतो, गाडी बागेपर्यंत जाते का? ‘नाही’ म्हटलं की भाव तिथेच खाली येतो. पुढची तोड, भराई, सडकेपर्यंत डोक्यावरची वाहतूक, प्रत्येक ठिकाणी मजुरी आणि प्रत्येक ठिकाणी मार लागलेलं फळ. नागपूरच्या बाजारात पेटी उघडल्यावर मार लागलेलं संत्रं कुणाच्या फाटकापाशी आपटलं हे कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात झाडं जगवायला टँकर लागतो, फवारणीला ट्रॅक्टर लागतो, शेणखताची ट्रॉली लागते. रात्री रखवालदाराला साप चावला तर काय करायचं, तेही आपण सांगून ठेवलं तर बरं होईल. किल्ली तेव्हा आपल्या उशाखाली असते.

आपली एक तक्रार मात्र खरी होती आणि ती मी मानतो. वाट वावराच्या मधून जात होती, पेरणीला आडवी येत होती, ट्रॅक्टरवाले ओल्या जमिनीत गाडी घालून दोन्ही बाजूचं पीक चेंदत होते. त्याला कायद्यात उत्तर होतं आणि ते आपल्या बाजूचं होतं. सुखाधिकार कायद्याचं कलम २२ म्हणतं की वाट वापरणाऱ्याने जमीनमालकाला कमीत कमी त्रास होईल अशीच ती वापरावी, आणि नुकसान न होता एका ठरावीक पट्ट्यात ती आखता येत असेल तर मालकाच्या सांगण्यावरून तिथेच ठेवावी. ‘धुऱ्याच्या कडेने बारा फूट घ्या आणि माझं वावर मोकळं करा,’ एवढं आपण म्हणाला असतात तर मी स्वतः मुरूम टाकून दिला असता. आपल्याला अर्धं वावर मोकळं नको होतं. मागचं वावर स्वस्तात हवं होतं. वाट नसलेल्या बागेला गिऱ्हाईक एकच उरतं, आणि ते कोण हे मी लिहायची गरज नाही.

‘जा तहसीलीत’ हा आपला शेवटचा सल्ला. तोही शिरोधार्य. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ चं कलम १३१ नेमकं यासाठीच आहे. शेतात जाण्याच्या वाटेचा किंवा पाण्याच्या मार्गाचा वाद झाला की तहसीलदाराने जागेवर चौकशी करून, पूर्वीची वहिवाट आणि सगळ्यांची सोय पाहून निर्णय द्यायचा. तो देऊनही कुणी वाट अडवली तर कलम १३२ आणि १३३ प्रमाणे दंड करता येतो, अडथळा काढायला लावता येतो. त्या निर्णयाने कुणाचं समाधान झालं नाही, तर दिवाणी दाव्याचा दरवाजा उघडाच राहतो.

आणि वाजिब-उल-अर्ज. हे नाव ऐकून आपण हसलात. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला गेली, पण गावच्या रिवाजांची नोंद ठेवण्याची पद्धत गेली नाही. संहितेच्या कलम २४२ मध्ये ती आजही आहे. पाण्याचा हक्क, वाटेचा हक्क, मासेमारीचा रिवाज, हे गावोगाव त्यात लिहायचं असतं. निस्तारासाठी, म्हणजे गावाच्या सामाईक वापरासाठी, कलम २३४ चं निस्तार पत्रक वेगळं. आपण रजिस्ट्रीच्या आधी पटवाऱ्याकडे खसरा मागितलात, नकाशा मागितलात, ऋण पुस्तिका मागितलीत. वाजिब-उल-अर्ज मागितला नाहीत. एवढा चौकस माणूस तेवढाच एक कागद विसरतो, यावर माझा विश्वास बसत नाही.

मला घाबरवण्यासाठी आपण गोव्याच्या एका खटल्याचाही दाखला दिलात, हे फार बरं केलंत. तिथली एक वाट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि वाट मागणारी बाजू हरली हे खरं आहे. कारणही वाचा. वीस वर्षांची हक्काची, अखंड वहिवाट दाव्यात नेमकी मांडून सिद्ध झाली नव्हती, आणि जायला दुसरी वाट होती. मला दुसरी वाट नाही. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला आपण. त्याच न्यायालयाने २००६ मध्ये असंही सांगितलं आहे की दस्ताने दिलेली वाट, गरज संपली म्हणून संपत नाही. गरजेपुरती मिळालेली वाट गरजेबरोबर जाते, कागदाने दिलेली राहते. म्हणून मला आता कागदच हवा आहे. आपल्या चार ओळींचा नव्हे, नोंदणी कार्यालयाचा.

सीमेपलीकडे वरुडला आपले सोयरे आहेत, त्यांना विचारा. तिकडे १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, महसूल संहितेचं कलम १४३ आहे, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचा निर्णय केला. तिथेही आपल्यासारखी माणसं आहेत, अंमलबजावणी रखडते, सगळं खरं. पण वाट ही सातबाऱ्यावर दिसायला हवी, हे तिथल्या सरकारने निदान लिहून तरी दिलं. आमच्या खसऱ्यातही वाटेला असाच ठरलेला रकाना असावा आणि रजिस्ट्रीच्या वेळी तो भरल्याशिवाय दस्त पुढे सरकू नये, ही मागणी पांढुर्णा जिल्ह्याने भोपाळपर्यंत न्यायला हवी. नवा जिल्हा नुसत्या पाट्या बदलायला केलेला नाही.

तेव्हा भाऊसाहेब, आपल्याला माझं मागणं थोडक्यात असं. धुऱ्याच्या कडेने बारा फूट वाट द्या. आपल्या वावराचा आणि माझ्या वावराचा खसरा क्रमांक, वाटेची लांबी-रुंदी आणि नकाशा घालून सुखाधिकाराचा दस्त करू. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च माझा. त्यानंतर आपण वावर विकलंत तरी घेणाऱ्याला ती वाट दस्तातच दिसेल, आणि मी विकलं तरी ती माझ्या जमिनीसोबत जाईल. हे मान्य नसेल तर कलम १३१ चा माझा अर्ज तहसीलीत दाखल झाला आहे. पेशीला यावं. चहा माझ्याकडून.

आपला,
मागच्या वावराचा धनी

ता. क. वाचकांसाठी. तुमच्या वाटेवर कुणी तार ओढली तर त्या दिवसाची तारीख, चाकोऱ्यांचे फोटो आणि शेजारच्या जुन्या माणसांची नावं लिहून ठेवा. ‘परवानगीने’ हा शब्द असलेल्या कागदावर सही करू नका. सणवार होईपर्यंत थांबू नका. अर्ज लगेच द्या आणि त्याची पावती घ्या. वावर घेणार असाल तर रजिस्ट्रीच्या आधी वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक मागून वाचा, विकणार असाल तर तुमच्या वावरातून जाणारी वाट दस्तात लिहा, आणि भावाभावांत वाटणी करत असाल तर मागच्या भावाची वाट त्याच दिवशी, त्याच कागदावर आखून द्या.